क्वांटम गुंतागुंत आणि निरीक्षणाचा परिणाम : समजून घेताना या चुका टाळा

गुंतलेल्या फोटॉनांवरील प्रयोगांसाठी अलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन झायलिंगर यांना २०२२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली आणि २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. तेव्हापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतही या विषयावरची व्याख्याने आणि विज्ञान दिनाची भित्तिपत्रके वाढली आहेत, आणि ते स्वागतार्हच आहे. मात्र या भित्तिपत्रकांवर बहुधा एक मोठा डोळा, एक मांजर आणि दोन चेंडूंना जोडणारी विजेची रेघ काढलेली असते. यांतले मांजर एक वेळ चालेल; डोळा आणि रेघ यांनी करून दिलेला गैरसमज मात्र पुढे एम.एस्सी.च्या वर्गापर्यंत टिकतो.

वर्गात गुंतागुंत (दोन कणांची अवस्था वेगवेगळी न सांगता एकत्रितच सांगता येणे) हा एक धडा आणि निरीक्षणाचा परिणाम (मापन केल्यावर कणाचे वागणे वेगळे दिसणे) हा दुसरा धडा म्हणून शिकवला जातो. वास्तविक दुसरा हा पहिल्याचाच एक प्रकार आहे. मापन होते तेव्हा कण मापनयंत्राशी आणि यंत्रामार्फत भोवतालाशी गुंततो, आणि ज्याला आपण निरीक्षणाचा परिणाम म्हणतो त्याचा बराचसा भाग या गुंतण्यातूनच येतो. हे एकदा ध्यानात आले की खालच्या बहुतेक चुका एकाच मुळाच्या आहेत हे दिसू लागते.

‘कोणीतरी पाहिले म्हणून कण बदलला’

दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तरी पडद्यावर हळूहळू व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्याने होणारे उजळ-काळे, पट्टे उमटतात, आणि इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे कळण्याची सोय केली की पट्टे जातात, इथपर्यंत सर्वांना पाठ असते. चूक त्यापुढच्या निष्कर्षात होते. आपण पाहिल्यामुळे इलेक्ट्रॉनचे वागणे बदलते, असे विद्यार्थी लिहितात, आणि काही वक्ते तर त्यावरून थेट मानवी जाणिवेपर्यंत पोहोचतात. प्रयोगशाळेत कोणी डोळे लावून बसलेले असो की सगळे चहाला गेलेले असोत, पट्ट्यांना त्याचे सोयरसुतक नसते. इलेक्ट्रॉनच्या मार्गाची नोंद आसपासच्या कशावर तरी, म्हणजे एखाद्या फोटॉनवर, हवेच्या रेणूवर किंवा शोधक यंत्राच्या अणूंवर, उमटली की नाही, एवढ्यावरच सारे अवलंबून असते. ती नोंद कोणी वाचावी अशी अटच नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा व्हिएन्नाच्या प्रयोगांतून मिळाला. तेथील गटाने १९९९ मध्ये कार्बनच्या ६० अणूंच्या रेणूचे व्यतिकरण दाखवले होते. त्याच गटाने २००४ मध्ये ७० अणूंचे रेणू घेतले आणि व्यतिकरणमापकात शिरण्यापूर्वी ते लेसरने तापवले. तापलेली कोणतीही वस्तू प्रारण सोडते, तसे हे रेणूही वाटेत फोटॉन सोडू लागले, आणि त्या प्रत्येक फोटॉनबरोबर रेणू कुठे होता याची थोडी माहिती बाहेर गेली. तापमान वाढवत नेले तसे पट्टे पुसट होत गेले आणि अखेरीस उरलेच नाहीत. ते फोटॉन कोणी मोजले नव्हते. ते निर्वात कक्षाच्या भिंतीत शोषले गेले. तरीही परिणाम घडला, कारण रेणूचा मार्ग आणि फोटॉनची अवस्था एकमेकांत गुंतली होती.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो परीक्षेत सहसा विचारला जात नसला तरी समजुतीसाठी मोलाचा आहे. परिणाम ‘आहे किंवा नाही’ अशा दोनच टोकांचा नसतो. डाव्या मार्गाची नोंद आणि उजव्या मार्गाची नोंद या एकमेकींपासून जितक्या स्पष्टपणे वेगळ्या ओळखता येतील, तितके पट्टे फिके होतात. नोंद अर्धवट असेल तर पट्टेही अर्धवट टिकतात. पाहणाऱ्याच्या मनामुळे हे घडते असे मानणाऱ्याला या मधल्या पायऱ्यांचा हिशेब देताच येत नाही.

याच्याशी जुळी असलेली दुसरी चूक म्हणजे अनिश्चिततेचे तत्त्व ‘मोजताना कणाला धक्का लागतो’ एवढ्यावर संपवणे. हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाचे उदाहरण देऊन तसे समजावले होते हे खरे. परंतु पाठ्यपुस्तकातली असमानता (स्थान आणि संवेग यांच्या विखुरण्यांचा गुणाकार एका ठराविक मर्यादेखाली जात नाही) ही कणाच्या अवस्थेविषयी आहे. एकसारख्या तयार केलेल्या हजार कणांपैकी पाचशेंचे फक्त स्थान मोजले आणि उरलेल्या पाचशेंचा फक्त संवेग मोजला, म्हणजे कोणत्याही कणाला दोनदा हात लावलाच नाही, तरी दोन्ही मापनांतल्या विखुरण्यांचा गुणाकार त्या मर्यादेखाली जात नाही.

‘उत्तरे आधीच ठरलेली होती, आपल्याला फक्त ठाऊक नव्हती’

ही चूक हुशार विद्यार्थ्यांची असते, म्हणून तिच्यावर सर्वाधिक वेळ घालवावा लागतो. चपलांच्या एका जोडातली एक चप्पल खोक्यात घालून भुसावळला पाठवली आणि दुसरी नंदुरबारला. भुसावळचा खोका उघडून डाव्या पायाची निघाली तर नंदुरबारची उजवी आहे हे त्याच क्षणी कळते, आणि त्यात चमत्कार काहीच नाही. गुंतलेले कण म्हणजे असाच जोड, असे अनेक लोकप्रिय लेखांत लिहिलेले असते. वर्गात धुळ्याकडचा एखादा विद्यार्थी सरळ अहिराणीत विचारतो, “सर, हाई तं पहिलेच ठरेल व्हतं ना?” प्रश्न अगदी रास्त आहे. आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ च्या निबंधात मांडलेली भूमिका याच दिशेची होती, आणि आइनस्टाइन यांना क्वांटम सिद्धांत समजला नाही म्हणून ते चुकले, हे अधूनमधून ऐकू येणारे वाक्य अन्यायाचे आहे. या प्रश्नातली खरी अडचण त्यांनीच सर्वांत आधी नेमकी दाखवली.

उत्तर मिळाले ते जॉन बेल यांच्याकडून, १९६४ मध्ये. त्यांचे गणित तीन ओळींत सांगता येईल असे उदाहरण आहे, आणि ते प्रत्येकाने एकदा तरी कागदावर करून पाहावे. समजा, एक स्रोत फोटॉनांच्या गुंतलेल्या जोड्या सोडतो. एक फोटॉन जळगावला जातो, दुसरा धुळ्याला. दोन्हीकडे एकेक पोलरायझर, म्हणजे प्रकाशाची ठराविक दिशेतली कंपनेच पार जाऊ देणारी गाळणी, आहे. फोटॉन पार गेला तर ‘१’ लिहायचे, अडला तर ‘०’. दोन्ही पोलरायझर एकाच कोनात, समजा ०° वर, ठेवले तर दोन्हीकडच्या याद्या तंतोतंत जुळतात. कोनांत फरक असेल तर न जुळणाऱ्या नोंदींचे प्रमाण त्या फरकाच्या साइनच्या वर्गाइतके येते. म्हणजे ३०° च्या फरकाला १०० पैकी २५ नोंदी जुळत नाहीत.

आता उत्तरे आधीच ठरलेली होती असे मानू. प्रत्येक फोटॉन निघतानाच ‘या कोनाला पार, त्या कोनाला अडणार’ अशी पूर्ण यादी खिशात घेऊन निघाला आहे, आणि धुळ्याच्या फोटॉनला जळगावचा कोन ठाऊक नाही. जळगावचा पोलरायझर +३०° वर फिरवला तर जळगावच्या यादीतली १०० पैकी २५ उत्तरे बदलली असे म्हणावे लागेल. धुळ्याचा −३०° वर फिरवला तर धुळ्याच्या यादीतली २५ बदलली. दोघांनी एकाच वेळी फिरवले तर न जुळणाऱ्या नोंदी जास्तीत जास्त किती? २५ अधिक २५, म्हणजे ५०. एखाद्या जोडीत दोन्हीकडची उत्तरे बदलली असतील तर ती जोडी पुन्हा जुळेल आणि आकडा ५० च्या खाली येईल, वर जाण्याचा प्रश्नच नाही. क्वांटम सिद्धांत काय सांगतो? कोनांतला फरक आता ६०°, आणि साइन ६०° चा वर्ग म्हणजे तीन चतुर्थांश. न जुळणाऱ्या नोंदी ७५. पन्नास आणि पंचाहत्तर यांत मोजमापाच्या चुकीने भरून निघेल असे हे अंतर नाही.

निसर्गाने कौल क्वांटम सिद्धांताच्या बाजूने दिला. फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी १९७२ मध्ये कॅल्शियमच्या अणूंतून निघणारे फोटॉन वापरले. आस्पे यांच्या गटाने १९८२ मध्ये फोटॉन वाटेत असतानाच मापनाची दिशा बदलण्याची सोय केली. आणि २०१५ मध्ये डेल्फ्टच्या गटाने १.३ किलोमीटर अंतरावरच्या हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन गुंतवून, तोपर्यंतच्या प्रयोगांतल्या मुख्य पळवाटा एकदमच बंद केल्या. छापील रूपात या प्रयोगांत बहुधा एक संख्या दिलेली असते, जी आधी ठरलेल्या उत्तरांच्या गृहीतकाप्रमाणे २ पेक्षा जास्त येऊ शकत नाही आणि क्वांटम सिद्धांताप्रमाणे सुमारे २.८३ पर्यंत जाऊ शकते. डेल्फ्टला ती २.४२ आली.

मात्र इथे उलट्या टोकाची चूक करू नये. बेल यांनी ‘छुपे घटक (उत्तरे आधीच ठरवणारी, आपल्याला न दिसणारी माहिती) असूच शकत नाहीत’ असे सिद्ध केलेले नाही. उत्तरे आधी ठरलेली आहेत आणि एका ठिकाणच्या मापनाचा दुसऱ्या ठिकाणच्या उत्तराशी संबंध नाही, या दोन गोष्टी एकत्र टिकत नाहीत, एवढेच त्यांनी दाखवले. डेव्हिड बोम यांचा १९५२ चा सिद्धांत छुपे घटक ठेवतो आणि दुसरी अट सोडतो. तो या प्रयोगांनी खोटा ठरत नाही.

‘मग धुळ्याहून जळगावला तत्क्षणी निरोप पाठवता येईल’

वरचे गणित पटले की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ही योजना घेऊन येतो: धुळ्याने मोजले तर ‘हो’, मोजले नाही तर ‘नाही’. जळगाव ते धुळे हे अंतर १०० किलोमीटरच्या आतले आहे आणि प्रकाशाला त्यासाठी एक तृतीयांश मिलिसेकंदही लागत नाही, त्यामुळे व्यवहारात कोणाचे काही अडलेले नसते; पण तत्त्वाचा प्रश्न म्हणून योजना तपासण्याजोगी आहे. ती फसते, कारण जळगावच्या यादीत धुळ्याने काहीही केले तरी ‘१’ आणि ‘०’ निम्मे निम्मेच येतात. धुळ्याने कोन बदलला, मोजले, नाही मोजले, यंत्र बंद करून ठेवले, तरी जळगावची यादी एकटी पाहून त्यातले काहीच ओळखता येत नाही. ७५ हा आकडा दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावरच निघतो, आणि यादी आणायची तर फोन करावा लागतो किंवा गाडी पकडावी लागते.

योजनेत दोन सुधारणा सुचवल्या जातात. पहिली अशी, की धुळ्याने मुद्दाम ‘१’ हेच उत्तर आणायचे. ते शक्य नाही; कोन निवडता येतो, उत्तर निवडता येत नाही. दुसरी अधिक कल्पक आहे: जळगावला आलेल्या एका फोटॉनच्या हजार प्रती काढायच्या आणि त्या वेगवेगळ्या कोनांत मोजून मूळ अवस्था शोधायची. प्रती काढता आल्या असत्या तर ही युक्ती खरोखर चालली असती. परंतु अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढणे अशक्य आहे, हे वूटर्स आणि झुरेक यांनी, तसेच स्वतंत्रपणे डीक्स यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले. क्वांटम टेलिपोर्टेशनच्या (एका कणाची अवस्था दूरच्या कणावर उतरवण्याच्या) नावाने होणारा घोटाळाही इथेच सुटतो: १९९३ च्या मूळ प्रस्तावातच प्रत्येक क्युबिटसाठी, म्हणजे क्वांटम माहितीच्या एककासाठी, साध्या मार्गाने दोन बिट पाठवावे लागतात, आणि ते पोहोचेपर्यंत पलीकडच्या माणसाच्या हाती उपयोगाचे काही नसते. चीनच्या उपग्रहाने २०१७ मध्ये सुमारे १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांना गुंतलेले फोटॉन पोहोचवले, त्या बातम्यांत ‘प्रकाशापेक्षा वेगवान संदेश’ असे ज्यांनी छापले त्यांनी हा भाग वाचलेला नव्हता.

‘आधी ज्याने मोजले त्याने दुसऱ्याचा निकाल घडवला’ असे लिहिणेही टाळावे. दोन मापने पुरेशी दूर आणि पुरेशी जवळच्या वेळी झाली असतील तर आधी कोणते झाले याचे उत्तर पाहणाऱ्याच्या गतीनुसार बदलते.

‘नंतरच्या निरीक्षणाने भूतकाळ बदलतो’

क्वांटम इरेझर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगांपैकी २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग चित्रफितींत फार लोकप्रिय आहे. त्यात फटींतून आलेल्या फोटॉनचा गुंतलेला साथीदार नंतर मोजला जातो. साथीदाराच्या मापनातून मार्ग कळत असेल तर पट्टे नाहीत. मार्गाची माहिती पुसणारे मापन केले तर पट्टे आहेत, असे दिसते. म्हणून नंतरच्या निर्णयाने आधीच्या फोटॉनचा इतिहास बदलला, असा निष्कर्ष काढला जातो.

चित्रफितीत गाळली जाणारी गोष्ट अशी, की पडद्यावर पडलेल्या सर्व फोटॉनांचा एकत्रित आलेख काढला तर त्यात पट्टे कधीच नसतात, साथीदाराचे काहीही केले तरी. पुसणाऱ्या मापनाला दोन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर आलेल्या जोड्याच वेगळ्या काढल्या तर पट्टे दिसतात. दुसऱ्या उत्तराच्या जोड्या काढल्या तरी दिसतात, परंतु एकाचे उजळ पट्टे दुसऱ्याच्या काळ्या पट्ट्यांवर बरोबर बसतात आणि दोन्हींची बेरीज पुन्हा सपाट होते. म्हणजे पडद्यावरचा एकही ठिपका जागचा हललेला नाही. साथीदाराच्या नोंदी हाती आल्यावर जुन्या ठिपक्यांची वर्गवारी करता आली, इतकेच. धुळे–जळगावच्या याद्यांचीच ही गोष्ट आहे.

‘विश्वात सारेच एकमेकांशी गुंतलेले आहे’

या वाक्याचा आधार घेऊन पेंडंट, पाण्याच्या बाटल्या आणि दूरस्थ उपचार विकले जातात, आणि आपल्याकडच्या प्रदर्शनांतही ते दिसू लागले आहेत. त्यावर फार शब्द खर्च करण्याची आवश्यकता नाही. दोन कण एकमेकांशी पूर्णपणे गुंतलेले असतील तर त्यांपैकी कोणताही तिसऱ्याशी गुंतू शकत नाही, आणि भोवतालाचा स्पर्श झाला की ते नाते असंख्य कणांत वाटले जाऊन हाती धरण्याजोगे उरत नाही. प्रयोगशाळांत निर्वात कक्ष आणि शून्याखालचे तापमान राखण्याची एवढी यातायात यासाठीच असते. खानदेशच्या मे महिन्यात गळ्यात घातलेल्या पेंडंटमध्ये काही गुंतलेले टिकून राहील, ही कल्पनाच करवत नाही.

कागदावरच्या आणि संगणकावरच्या चुका

पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एक नेहमीची अडचण म्हणजे अवस्था गुंतलेली आहे की नाही हे नुसते पाहून ठरवणे. ½(|००⟩ + |०१⟩ + |१०⟩ + |११⟩) ही चार पदांची अवस्था (यात |०१⟩ म्हणजे पहिला क्युबिट ०, दुसरा १) पाहून अनेकजण तिला गुंतलेली म्हणतात. प्रत्यक्षात ती दोन स्वतंत्र क्युबिटांचा साधा गुणाकार आहे. चार पदांचे सहगुणक क्रमाने अ, ब, क, ड असतील तर अ×ड आणि ब×क समान आहेत का ते पाहावे. समान असतील तर गुणाकार, नसतील तर गुंतागुंत. वरच्याच अवस्थेतले फक्त शेवटचे चिन्ह उणे करा. अ×ड आता −¼ आणि ब×क +¼, आणि तीच अवस्था पूर्णपणे गुंतलेली होते. ही कसोटी दोन क्युबिटांच्या शुद्ध (मिश्रण नसलेल्या) अवस्थांपुरतीच आहे हेही लिहून ठेवावे.

संगणकावर, बहुधा आयबीएमच्या क्विसकिट या क्वांटम प्रोग्रामिंगच्या संचात, पहिल्या क्युबिटवर हॅडमार्ड गेट (० पासून ० आणि १ यांचे समसमान अध्यारोपण करणारी क्रिया) आणि मग सीनॉट गेट (पहिला क्युबिट १ असेल तर दुसरा उलटा करणारी क्रिया) लावून हजारभर वेळा मोजले की ‘००’ आणि ‘११’ जवळपास निम्मे निम्मे येतात, आणि प्रकल्पवहीत ‘गुंतागुंत सिद्ध झाली’ असे लिहिले जाते. ती सिद्ध झालेली नसते. नाणे उडवून कधी |००⟩ आणि कधी |११⟩ तयार केले तरी हेच आकडे येतील. फरक पाहायचा तर मोजण्यापूर्वी दोन्ही क्युबिटांवर आणखी एकेक हॅडमार्ड लावावा. अवस्था खरोखर गुंतलेली असेल तर पुन्हा ‘००’ आणि ‘११’ एवढेच येतात. नाण्याने बनवलेले मिश्रण असेल तर चारही उत्तरे सुमारे २५ टक्के येतात.

ही दुसरी पायरी करूनही चारही उत्तरे सारखीच आली तर आधी सर्किटमध्ये मापनाची पायरी चुकून मध्येच घातली गेली आहे का ते तपासावे, कारण अशा मापनाने गुंतलेल्या अवस्थेचे मिश्रणच होते. क्विसकिट क्युबिट उजवीकडून डावीकडे लिहिते, त्यामुळे ‘०१’ मधला ‘१’ हा शून्य क्रमांकाच्या क्युबिटचा असतो. वेगवेगळ्या क्युबिटांवर वेगळी गेटे लावलेली असतील तर या क्रमाने उत्तर उलटे वाचले जाते. आणि प्रत्यक्ष यंत्रावर चालवताना थोडे ‘०१’ आणि ‘१०’ आले म्हणून प्रोग्राम पुसून पुन्हा लिहू नये. ते गेटांच्या, वाचनाच्या आणि भोवतालच्या गोंगाटाचे असतात. तेच सर्किट गोंगाटाशिवायच्या सिम्युलेटरवर चालवून ते नाहीसे होतात का ते पाहावे, आणि यंत्रावरचे आकडे जसे आले तसे वहीत उतरवावेत.